एचआर शिकताय? मग सॅलरी स्लिप वाचायला शिका

एमबीएला स्पेशलायझेशन निवडायची वेळ आली की एक वाक्य हमखास कानावर येतं, 'मला माणसांशी बोलायला आवडतं, म्हणून एचआर.' मार्केटिंगमध्ये टार्गेटचं टेन्शन, फायनान्समध्ये गणित, मग उरलं काय? इंटरव्ह्यू घ्यायचे, इंडक्शनला पीपीटी दाखवायची, दिवाळीला रांगोळी स्पर्धा भरवायची. तुमच्या डोक्यातही हेच चित्र असेल, तर २१ नोव्हेंबर २०२५ ही तारीख वहीत लिहून ठेवा. त्या दिवशी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायद्यांची जागा त्यांनी घेतली. १९४७चा औद्योगिक विवाद कायदा पाठ करून आपले सीनिअर्स पास झाले, तोही त्यात गेला.

गंमत म्हणजे यातली सगळ्यात मोठी उलथापालथ गणितातलीच आहे. नव्या व्याख्येनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांच्या वर गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. समजा, कुणाला महिना ३० हजार मिळतात. बेसिक १० हजार, बाकी सगळे भत्ते. आतापर्यंत पीएफ १० हजारांवर कापला जायचा, १२ टक्क्यांनी १,२००. आता वेतन धरायचं १५ हजार, म्हणजे पीएफ १,८००. हातात येणारा पगार ६०० रुपयांनी कमी. (ज्यांचा पीएफ आधीच १५ हजारांच्या मर्यादेवर कापला जातो, त्यांना फरक पडणार नाही.) पण पाच वर्षांनी नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी २८,८४६ऐवजी ४३,२६९ रुपये होते. पगार का कमी झाला, असं विचारत तो माणूस कुणाच्या टेबलाशी येणार? तुमच्याच. तेव्हा 'सिस्टीममध्येच तसं आहे' हे उत्तर चालणार नाही.

दुसरा मुद्दा थेट आपल्या पिढीचा आहे, फिक्स्ड टर्म एम्प्लॉयमेंट. ठरावीक मुदतीची नोकरी आता कायद्यात रीतसर आली आहे. अशा माणसाला कायम कामगाराइतकाच पगार आणि सवलती द्यायच्या, आणि ग्रॅच्युइटी पाच वर्षांऐवजी एका वर्षातच. ऐकायला भारी वाटतं. पण मुदत संपली की नोकरी आपोआप संपते, तिला कपात म्हणत नाहीत, त्यामुळे भरपाईही नाही. जी जागा कायमची आहे ती वर्षावर्षाच्या करारावर भरायची मोकळीक कंपनीला मिळते. वापरायची की नाही, हे सुचवणारा कागद एचआरकडूनच वर जातो.

तसंच ३०० या आकड्याचं. पूर्वी १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपात करायची किंवा टाळं लावायचं तर सरकारची परवानगी लागायची. आता ही अट ३०० कामगारांपासून पुढे आहे. (राजस्थानने हा बदल २०१४मध्येच केला होता.) उद्योजक म्हणतात, शंभरच्या भीतीने आम्ही वाढतच नव्हतो. कामगार संघटना म्हणतात, ही 'हायर अँड फायर'ची सोय आहे. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. कारण त्याच संहितेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची झालीय, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल लीव्ह घेतली तरी तो संप धरला जातो. मालकाचा हात सैल झाला, कामगाराचा आवळला गेला.

'आम्ही तर आयटीत जाणार, कारखान्याशी काय संबंध?' असं वाटत असेल, तर टीसीएसची बातमी आठवा. जुलै २०२५मध्ये कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर कर्मचारी कमी करायचं जाहीर केलं आणि 'नाइट्स' ही पुण्याची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना केंद्रीय कामगार मंत्रालयात गेली. आयटीत असं झालं की प्रश्न येतो तो 'कामगार कोण' हा. तांत्रिक काम करणारा कामगार ठरू शकतो, व्यवस्थापकीय काम करणारा नाही. कामगार ठरला आणि कपात झाली, तर महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळतो. त्यानेच राजीनामा लिहून दिला, तर ही भरपाई मिळत नाही. म्हणून 'तूच रिझाइन कर, रेकॉर्ड चांगला राहील' हे गोड वाक्य एवढं महाग असतं. ते बोलायला मीटिंग रूममध्ये पाठवतात एचआरच्या ज्युनिअरला. आणि ती ज्युनिअर स्वतः 'प्रशासकीय' म्हणून बहुतेकदा कामगाराच्या व्याख्येबाहेर!

खरं तर आपल्याकडे हा विषय रांगोळीतून आलेलाच नाही. गिरणी कामगारांना १८९०मध्ये रविवारची सुट्टी मिळवून देणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची श्रम विज्ञान संस्था परळला आहे, पूर्वीची बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट. तिथे मास्टर ऑफ लेबर स्टडीज करता येतं. देवनारला टिसमध्ये आजही कोर्सच्या नावात ह्यूमन रिसोर्ससोबत 'लेबर रिलेशन्स' आहे. एचआर म्हटलं की आपण एमबीएवरच थांबतो, हे मार्ग फारसे कुणी सांगत नाही. आणि नोकऱ्या? पूर्वी ५०० कामगारांच्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमावा लागायचा, आता २५० पासूनच नेमावा लागणार आहे.

कामगार हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत असल्याने संहितेसोबत महाराष्ट्राचे नियमही वाचावे लागतील. लायब्ररीतलं पुस्तक घेताना आवृत्तीचं साल बघा. आणि कॅम्पसमध्ये ऑफर लेटर हातात पडलं की आकड्याच्या आधी दोन गोष्टी शोधा: 'फिक्स्ड टर्म' हे शब्द आणि बेसिकची ओळ.