वैध, पण चूक

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या संदर्भपुस्तिकेत कमांडची रचना देताना काही शब्द सरळ छापलेले असतात, काही तिरपे. सरळ शब्द जसेच्या तसे टाइप करायचे, तिरप्यांच्या जागी आपल्या टेबलाचं किंवा कॉलमचं नाव घालायचं. हा फरक पडतो मूळ मजकुरातल्या ‘रिप्लेसेबल’ या टॅगमुळे. त्याजागी ‘लिटरल’ टॅग पडला, की नवशिक्या ते नमुन्याचं नावच टाइप करतो, एरर येतो आणि आपल्याला जमत नाही असं तो समजून चालतो.

असा एखादा टॅग दुरुस्त करणाऱ्याला आपल्याकडच्या कार्यालयांत ‘डॉक्युमेंटेशनचंच तर काम’ असं ऐकावं लागतं. मला हे मुळीच मान्य नाही. कमांड नीट समजल्याशिवाय ही दुरुस्ती करताच येत नाही.

यंत्र इथे अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतं. ही पुस्तिका डॉकबुक पद्धतीने लिहिली जाते. २०१७ पर्यंत ती एसजीएमएलमध्ये होती आणि टॅग बंद करताना त्याचं नाव गाळण्याची मुभा होती. त्या वर्षी सगळे टॅग पूर्ण नावानिशी बंद करून पुस्तिका एक्सएमएलमध्ये आणली गेली. (फायलींच्या नावांचा शेवट मात्र अजूनही जुनाच आहे.) आता टॅग उघडा राहिला तर पुस्तिका तयारच होत नाही. पण लिटरल आणि रिप्लेसेबल दोन्ही त्या जागी चालतात. नियमाने वैध असलेली ही चूक तपासणी बिनतक्रार पार करते.

शिवाय टॅगची चूक पुस्तिकेपुरती राहत नाही. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या कमांड-लाइन साधनात बॅकस्लॅश एच टाइप केल्यावर कमांडची जी मदत दिसते, ती या संदर्भपानांमधूनच एक स्क्रिप्ट उचलते. रचनेत ज्या शब्दांना टॅग आहे ते शब्द भाषांतरासाठी वेगळे काढले जातात. म्हणून जर्मन वापरणाऱ्याला टेबलाच्या नावाची जागा जर्मनमध्ये दिसते. टॅग राहून गेला, तर तो शब्द भाषांतरकारापर्यंत पोचतच नाही.

मला सर्वांत घातक वाटतो तो ‘कोट’ टॅग, कोडच्या तुकड्याला लावलेला. हा टॅग छापताना वळणदार अवतरणचिन्हं देतो. गद्यात ती शोभतात. पण वाचकाने ती कॉपी करून क्वेरीत चिकटवली, की पोस्टग्रेस त्यांना अवतरणचिन्हं मानत नाही, नावातलीच अक्षरं मानतो. इंग्रजीबाहेरची अक्षरं नावात चालू देण्याच्या याच सोयीमुळे देवनागरीतली कॉलमची नावं कसलंही अवतरण न घालता चालतात! पण इथे तीच अंगाशी येते. ‘असा कॉलम नाही’ असं उत्तर मिळतं आणि माणूस टेबल तपासत बसतो; दोष चिन्हात आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

चौकोनी कंसही असेच फसवतात. रचनेतले कंस ‘हा भाग ऐच्छिक’ एवढंच सांगतात, ते टाइप करायचे नसतात. अ‍ॅरेचे कंस मात्र टाइप करावेच लागतात.

पुण्यात पोस्टग्रेसवर रोज काम करणारे अनेक अभियंते आहेत. त्यांना माझं सांगणं: पुस्तिका वाचताना कुठे अडखळलात, तर त्या ठिकाणचा टॅग जरूर पाहा आणि चुकला असेल तर दुरुस्तीचा पॅच पाठवा. केवळ नीटनेटकेपणासाठी शेकडो ओळी एकदम बदलू नका. तपासणाऱ्याला त्यातले अर्थाचे बदल शोधणं जड जातं. एका पॅचमध्ये एकाच जातीची चूक घ्या, वेबपान आणि मॅन पेज दोन्ही तयार करून डोळ्यांनी पाहा. दर मोठ्या आवृत्तीला साधारण ५ वर्षं आधार मिळतो. तेव्हा चुकीने अर्थ बदलत असेल, तर दुरुस्ती आधार चालू असलेल्या जुन्या आवृत्त्यांतही जावी असा आग्रह धरा. कामावरचे कितीतरी सर्व्हर त्याच आवृत्त्यांवर चालतात आणि ते सांभाळणारी माणसं त्याच आवृत्तीची पुस्तिका उघडतात.