विजेचा दर विचारताना वेळही विचारा!



नवा धंदा टाकताना आपण विजेबद्दल एकच प्रश्न विचारतो, "युनिटला किती पडतात?" माझं स्पष्ट मत आहे, हा प्रश्न आता अर्धाच आहे. उरलेला अर्धा म्हणजे, "कोणत्या वेळेला किती?"

हे समजून घ्यायचं असेल तर देश एकमेकांशी विजेचा व्यवहार कसा करतात ते बघा.

डेन्मार्कची साधारण निम्मी वीज वाऱ्यावर होते. वारा सुटला की वीज उरते, पडला की तुटवडा. शेजारच्या नॉर्वेकडे मोठी धरणं आहेत. 1970च्या दशकातच दोघांनी समुद्राखालून केबल टाकली. वारा जोरात असला की नॉर्वे डेन्मार्कची स्वस्त वीज घेतो आणि स्वतःचं पाणी राखून ठेवतो. वारा पडला की त्याच पाण्यावर वीज करून चांगल्या भावाने विकतो. म्हणजे नॉर्वे नुसती वीज विकत नाही, वेळ विकतो!

आपल्या शेजारचं बघा. पावसाळ्यात नेपाळच्या नद्या भरून वाहतात, जलविद्युत उरते. हिवाळ्यात पाणी आटतं, मग भारताकडून वीज घ्यावी लागते. 3 ऑक्टोबर 2024 ला काठमांडूत तिहेरी करार झाला. नेपाळ विकणार, बांगलादेश घेणार, वीज जाणार भारताच्या तारांवरून. किती? फक्त 40 मेगावॅट. कधी? 15 जून ते 15 नोव्हेंबर. आकडा छोटा आहे, पण काळ कागदावर पक्का आहे. वीज म्हणजे भाजीसारखा माल. साठवणं महाग, म्हणून योग्य वेळेचं गिऱ्हाईक शोधायचं.

तुम्ही म्हणाल, "सर, माझ्या मसाला कांडपाचा याच्याशी काय संबंध?"

थेट संबंध आहे. आपल्या ग्रिडमध्येही दुपारी सौर वीज भरपूर येते आणि सूर्य मावळला की ओढाताण सुरू होते. म्हणून केंद्राने 2023 मध्ये नियम बदलले. सौर तासांत दर किमान 20 टक्के कमी, गर्दीच्या तासांत जास्त. 10 किलोवॅटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी 1 एप्रिल 2024 ही तारीख ठरली. नेमके तास राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो.

मग करायचं काय? वीज कार्यालयात जाऊन विचारा, "माझ्या जोडणीला वेळेनुसार दर लागू आहे का? तास कोणते?" मग वहीत दोन रकाने करा. संध्याकाळीच करावी लागणारी कामं एकीकडे, दुपारी उरकता येतील ती दुसरीकडे. वडापाव संध्याकाळीच विकला जाणार, पण चटणी दुपारी वाटता येते. बर्फ दुपारी करून ठेवता येतो.

सगळं काम हलणार नाही, मान्य. पण जेवढं हलेल तेवढी बचत दर महिन्याला तुमच्या खिशात. मशीनचं कोटेशन मागवण्याआधी हे दोन रकाने भरा. लागा कामाला!