मरणाऱ्याला कोणी विचारले?

जन्मभर घर चालवणारा, मुलांची लग्ने ठरवणारा, जमिनीच्या वाटण्या करणारा माणूस शेवटच्या आजारात एकाएकी अज्ञान बालक ठरतो. ‘बाबांना काही सांगू नका, डॉक्टर,’ असे मुलगा दाराबाहेर बजावतो. डॉक्टर मान डोलावतात. ज्याचा देह, ज्याच्या वेदना, त्याला खोटा धीर देऊन गप्प बसवले जाते. याला आपण माया म्हणतो. माझ्या मते हा अपराध आहे, आणि तो आपण घरोघर करतो.

कायदा आपल्या पुढे गेला आहे. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बरे होण्याची आशा नसेल, तर कृत्रिम उपचार थांबवावेत, असे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. 2023 मध्ये ही प्रक्रिया आणखी सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे सही पुरते. अंमलबजावणीपूर्वी डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाची अवस्था तपासतात. इंजेक्शन देऊन प्राण घेणे आजही गुन्हाच आहे. तरीही आपल्यापैकी किती घरांत या कागदाचा विषय निघाला? अभद्र बोलू नये, म्हणून आपण तोंड मिटतो, आणि उद्या आयसीयूच्या दारात भावंडे एकमेकांवर तुटून पडतात.

अशा निर्णयासाठी लागणारा विश्वास कसा कमावला जातो, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी दाखवले. 1973 साली अमानुष हल्ल्यात अरुणा शानबाग यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली. पुढे 2015 पर्यंत, म्हणजे सुमारे 42 वर्षे, परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. 2011 मध्ये त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने याच सेविकांच्या मताला वजन दिले आणि ती याचिका फेटाळली. त्याच निकालाने कठोर अटींवर उपचार थांबवण्याची वाटही देशात प्रथम उघडली. पण खुद्द अरुणाताईंना काय हवे होते, हे कोणालाही कधीच कळले नाही. इतक्या सेवेनंतरही तो प्रश्न अनुत्तरित राहिला. जिथे अशी सेवा नाही, तिथे काय होत असेल?

तिथे पैसा निर्णय घेतो. ज्याच्याकडे विमा आहे, त्याचे व्हेंटिलेटर आशा संपल्यावरही चालू राहते; ज्याचे दागिने गहाण पडले, त्याचे नातेवाईक ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेतो’ अशी सही करून रुग्णाला घरी आणतात. रुग्णालयाच्या भाषेत हा ‘डामा’. त्याला ना मंडळ, ना साक्षीदार, ना वेदनाशमन. इच्छामरणावर नीतीच्या चर्चा झडवणारा समाज गरिबाचे हे मरण डोळ्यांआड करतो, हे मला सर्वांत लज्जास्पद वाटते.

डॉक्टरांनीही उत्तर द्यावे. रुग्ण पाठवण्याचे पैसे घेणारा हात ‘आता उपचार थांबवू या’ म्हणाला, तर त्यावर कोण विश्वास ठेवील? आणि समाजानेही उत्तर द्यावे: रुग्ण दगावताच दवाखाना फोडणाऱ्यांना कोणता डॉक्टर मोकळेपणाने सत्य सांगेल? एकीकडे लोभ, दुसरीकडे दगड. त्यांच्यामध्ये रुग्ण एकटा पडला आहे.

1982 साली पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध नाकारले, तेव्हा देशाने हात जोडले. तोच निर्णय एखाद्या साध्या शेतकऱ्याने घेतला, तर आपण त्याला भ्रमिष्ट ठरवून नळ्या जोडतो. संताला जो मान देतो, तो आपल्या बापाला का नाही?

म्हणून मागणी सरळ आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वेदनाशमनाचा विभाग आणि मॉर्फिन हवे. त्याशिवाय उपचार थांबवण्याची निवड ही निवडच नाही. प्रत्येक डॉक्टरने आधी रुग्णाशी बोलावे, मग नातेवाइकांशी. आणि प्रत्येक घराने आपल्या वडीलधाऱ्यांना, ते धडधाकट असतानाच, समोर बसवून विचारावे: तुम्हाला काय हवे? मग जे उत्तर मिळेल, ते आपल्याला न पटले तरी पाळावे.