उंदीर, पण कोणत्या वंशाचा?

ग्वाल्हेरच्या झाशी रोडवरील डीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेचे मूळ शिंदे संस्थानातील जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरीत आहे. आजचे नाव तिला १९७३ मध्ये मिळाले. सल्फर मस्टर्ड आणि सारिन-सोमानसारखी मज्जाघातक विषे हा तिथला खास विषय. तिथल्या शोधनिबंधांत वारंवार भेटतो तो स्विस अल्बिनो उंदीर. काटक, स्वस्त आणि वीण दांडगी; देशभरच्या विषविज्ञानाचा गाडा त्याच्याच जिवावर चालतो. मज्जाघातक विषांपुढे मात्र उंदीर आणि माणूस सारखे नाहीत.

सोमान हे विष अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे मज्जासंस्थेतले विकर निकामी करते. उंदराच्या रक्तद्रवात कार्बॉक्सिलएस्टरेज हे आणखी एक विकर मुबलक असते आणि ते विषाचे रेणू वाटेतच पकडून ठेवते. माणसाच्या रक्तद्रवात ते नाही. म्हणजे उंदराला मुळातच एक चिलखत मिळालेले आहे, आणि त्याच्यावर गुणकारी ठरलेल्या उताऱ्याचे श्रेय किती औषधाचे व किती चिलखताचे, हे सांगणे कठीण. अमेरिकेत ऑक्साना लॉकरिज व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या विकराचे ‘ईएस१’ जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. दिसायला-वाढायला ते साध्या उंदरांसारखेच. ऑर्गनोफॉस्फेट विष मात्र त्यांना जास्त बाधते. पुढे अशा उंदरांत अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजचे मानवी जनुकही बसवण्यात आले. हा प्रश्न फक्त लष्कराचा नाही. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक पोटात गेलेले रुग्ण आपल्या जिल्हा रुग्णालयांना रोजचेच आहेत.

अर्थात जनुक काढले म्हणजे उंदीर खरे बोलू लागला, असे नाही. कॅस्पेज-१ची गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावी अशी आहे. १९९५ मध्ये या जनुकाचे नॉकआउट उंदीर तयार झाले. जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनने ते दगावत नव्हते, तेव्हा त्या मरणाला कॅस्पेज-१ जबाबदार, असे पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचले. पण त्या उंदरांच्या मूळपेशी ‘१२९’ वंशाच्या होत्या आणि त्या वंशात शेजारचे कॅस्पेज-११ जनुक आधीच बिघडलेले होते. दोन्ही जनुके इतकी लगत की पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या वंशाशी संकर करूनही ती सुटी होईनात. खरा गुन्हेगार कॅस्पेज-११ होता, हे कळायला २०११ उजाडले. सोळा वर्षे!

क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रामुळे आता नवा उंदीर काही महिन्यांत हाती येतो, शिवाय मूळपेशींची ती वाट टाळता येते. पण वंशाचा प्रश्न त्याने सुटत नाही. ‘सी५७ ब्लॅक ६’ म्हणून सरसकट वापरल्या जाणाऱ्या उंदरांतही ‘जे’ उपवंशात एनएनटी जनुकाचा तुकडा गळालेला आहे, तर ‘एन’ उपवंशात दृष्टिपटल बिघडवणारा सीआरबी१ दोष आहे. मधुमेहाचा प्रयोग एकावर आणि तुलनेचा गट दुसऱ्याचा, असे झाले की निष्कर्ष कशाचा काढणार? डेंगीसाठी वापरला जाणारा एजी१२९ तर टाइप-१ आणि टाइप-२ इंटरफेरॉनचे ग्राहकच नसलेला उंदीर. त्याला आजार होतो, हा त्याचा उपयोग. लशीचा निवाडा त्याच्या एकट्याच्या प्रतिकारशक्तीवर सोडणे आम्हाला पटत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या लेखांत अजूनही ‘२५ ग्रॅमचे पांढरे उंदीर वापरले’ एवढेच वाक्य असते. पुढच्या अंकापासून उंदरांचा पूर्ण वंश व उपवंश, पुरवठादार, लिंग, संकराच्या पिढ्या आणि शेपटीच्या तुकड्यावरून केलेल्या पीसीआरच्या जेलचे छायाचित्र यांची मागणी आम्ही करणार आहोत. जनुकबदल केलेल्या उंदरांसाठी तुलनेचा गट एकाच वेतातील भावंडांचा असावा. तसा नसेल, तर का नाही तेही लिहून पाठवावे.