शिकवणाऱ्यांची शाळा

मुलांच्या उन्हाळी बायबल शाळेची सुरुवात बिअरच्या गुत्त्यात झाली, असं आमच्या चर्चमध्ये सांगितलं की अर्धी मंडळी हसतात आणि अर्धी पाळकसाहेबांकडे बघतात. पण गोष्ट खरी आहे.

1898 साली न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला स्थलांतरितांची कुटुंबं दाटीवाटीनं राहत होती. उन्हाळ्यात शाळा बंद, आईबाप कामावर, मुलं दिवसभर रस्त्यावर. एपिफनी बॅप्टिस्ट चर्चच्या एलायझा हॉज यांनी या पोरांसाठी जागा शोधली, ती नेमकी एका गुत्त्याची. तो हॉल भाड्यानं घेऊन त्यांनी रोजची बायबल शाळा सुरू केली. गाणी, बायबलमधल्या गोष्टी, पाठांतर, चित्रकला, हस्तकला, खेळ असा तिचा बेत होता. पुढे रॉबर्ट बोविल या पाळकांनी 1901 पासून ही कल्पना शहरभर नेली आणि हळूहळू ती जगभर पसरली. आपल्याकडे मे महिन्यात चर्चच्या आवारात जी ‘व्हीबीएस’ (व्हेकेशन बायबल स्कूल) भरते, ती याच शाळेची नात. गाणं, गोष्ट, वचन, कागदकाम, मग सरबत-बिस्किटं: सव्वाशे वर्षांत बेत फारसा बदललेला नाही.

या शाळेनं मुलांवर काय परिणाम केला, असं नेहमी विचारलं जातं. मला वाटतं, प्रश्नच अपुरा आहे. पाचवीतल्या मुलाला पाठ केलेलं वचन पुढच्या मे महिन्यात आठवेलच असं नाही. खरा फरक पडतो तो त्याला ते वचन शिकवणाऱ्या अकरावीतल्या ताईला. बोविल यांनी शिकवायला ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी घेतले होते. आपल्या मंडळ्यांत हे काम दहावी-बारावीची मुलं-मुली करतात. मीही त्यातलाच. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारा मी, चाळीस पोरांपुढे हातवारे करत गाऊ लागलो. योनाची गोष्ट कुठे थांबवली की उद्या पोरं धावत येतात, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. रडणाऱ्याला कसं बोलतं करायचं आणि दांडगट पोराला कुठलं काम सोपवायचं, हेही तिथंच कळलं. पुढे शिक्षक, परिचारिका, वक्ते झालेल्या कितीतरी ओळखीच्यांची पहिली उमेदवारी अशीच झाली.

अमेरिकेतल्या कॅम्प डडली या मुलांच्या शिबिराचंही असंच. 1885 साली वायएमसीएचे कार्यकर्ते समनर डडली सात मुलांना घेऊन ऑरेंज लेकच्या काठी राहायला गेले. ते शिबिर पुढे लेक शँप्लेनच्या काठी हललं आणि आजही भरतं. आधी दुसऱ्याचा विचार, हे त्याचं ब्रीद. काल आलेलं पोर उद्या मदतनीस होतं, परवा गटप्रमुख होतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

पण याच साखळीची दुसरी बाजूही सांगायला हवी. इंग्लंडमध्ये एरिक नॅश यांनी 1930च्या दशकात श्रीमंतांच्या निवासी शाळांतल्या मुलांसाठी शिबिरं सुरू केली. ती आयवर्न शिबिरं म्हणून ओळखली गेली. जॉन स्टॉट यांच्यासारखे नामवंत धर्मोपदेशक त्यांतून पुढे आले. त्याच शिबिरांच्या ट्रस्टचे एकेकाळचे अध्यक्ष जॉन स्मिथ यांनी तिथं ओळख झालेल्या मुलांना वर्षानुवर्षं अमानुष मारहाण केली. 1982 सालीच अहवाल होऊनही प्रकरण दाबलं गेलं. नोव्हेंबर 2024 मध्ये चौकशीचा मोठा अहवाल आला आणि तरुणपणी या शिबिरांत काम केलेले कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. शिकवणाऱ्या दादाचा शब्द म्हणजे देवाचा शब्द असं मुलाला वाटू लागलं, की शिबिराची सगळी ताकद उलटी फिरते.

म्हणून मे महिन्याच्या तयारीत रंगीत कागद आणि बॅनरपेक्षा शिकवणाऱ्या मुलांकडे जास्त लक्ष द्यावं, असं मला वाटतं. कुणीही मोठा माणूस एखाद्या मुलाबरोबर बंद खोलीत एकटा बसणार नाही, तक्रार कुणाकडे करायची हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं जाईल, आणि सतरा वर्षांच्या ताईला चुकायची मुभा असेल पण तिच्यावर कुणाची तरी नजरही असेल, एवढं ठरवून टाकावं. गोष्ट योनाची सांगायची की दाविदाची, ते ती ताई ठरवेल.