हरलो, पण टीम मोडू नका!

यंदा आमची कॉलेजची फुटबॉल टीम एकही मॅच जिंकली नाही. नागऱ्यात टोमणे सुरू झाले, 'क्रिकेटच खेळा ना बे!' पण खरं सांगू? स्पर्धेच्या आठ दिवस आधी अकरा जण गोळा करायचे, त्यातले निम्मे धान कापणीला. मग जिंकणार कसं?

नागपुरात प्रा. विजय बारसे यांना पावसात तुटकी बादली लाथाडणारी पोरं दिसली. सरांनी त्यांना बॉल दिला, आधी ट्रॉफी नाही मागितली. त्यातूनच २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला.

आम्हालाही वर्षभर मैदान आणि एक कोच द्या. हरल्याची लाज नाही. सराव न करताच उतरलो, याची आहे. पुढच्या सत्रात पहिल्या दिवसापासून भिडू या!