पंचाच्या खिशातला कागद

पक्षकाराने ‘समजा, असे झाले तर?’ असे विचारले की वकिलाची कळी खुलते; बेसबॉलच्या पंचाच्या मात्र कपाळाला आठी पडते. आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. या खेळात धावणाऱ्या गड्याला चारही ठाण्यांना, म्हणजे बेसना, पाय लावावा लागतो. एखादे ठाणे चुकल्याचे पंचाला दिसले, तरी समोरच्या संघाने दाद मागेपर्यंत त्याने मूग गिळून बसायचे. (आपल्या क्रिकेटातही ‘हाउज दॅट’ची आरोळी उठल्याखेरीज पंच बोट वर करीत नाहीतच!) अशा वेळी प्रशिक्षकाने हळूच येऊन ‘समजा, आम्ही दाद मागितली तर?’ असे विचारले आणि पंचाने नुसती मान जरी हलवली, तरी तो एका बाजूचा सल्लागार झाला! ‘आधी मागा, मग सांगतो,’ हेच उत्तर बरे.

पण मनातल्या मनात त्याने सगळ्या ‘समजां’ची उत्तरे तयार ठेवलेली बरी. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये २४ जुलै १९८३ रोजी काय झाले पाहा. नववा डाव, दोन गडी बाद. अशा वेळी कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने होम रन मारून संघाला ५-४ असे पुढे नेले. लगेच यांकींचे व्यवस्थापक बिली मार्टिन तक्रार घेऊन हजर! पकड घट्ट बसावी म्हणून बॅटला लावलेले पाइनचे डांबर १८ इंचांच्या पलीकडे गेले आहे म्हणे. पंच टिम मॅक्लेलंड यांनी १७ इंच रुंदीच्या होम प्लेटवर बॅट आडवी धरून मापली आणि ब्रेटला बाद दिले. ब्रेट जो उसळून धावत आला, त्याला आवरता आवरता चौघांची पुरेवाट झाली.

लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी निर्णय फिरवला. बॅट नियमाबाहेरची खरी, पण तेवढ्यासाठी होम रन रद्द करणे हा नियमाचा हेतू नव्हे, असे त्यांचे म्हणणे. उरलेला खेळ १८ ऑगस्टला ठरला.

त्या दिवशी पंच नवे. मार्टिन पडले जातिवंत पेचदार! त्यांनी दाद मागितली, की ब्रेटने बेसला पायच लावला नव्हता. आता नव्या पंचांनी ते पाहिले होते कुठे? पण प्रमुख पंच डेव्ह फिलिप्स यांनी शांतपणे खिशातून एक कागद काढला. जुन्या चौघा पंचांच्या सह्यांचे प्रतिज्ञापत्र! ब्रेटने आणि त्याच्या पुढच्या गड्याने सर्व बेसना पाय लावल्याचे.

बाकीचा खेळ दहा-बारा मिनिटांत आटोपला. यांकी ५-४ असे हरले.